कमरेच्या मणक्याचं ऑपरेशन: अर्धी भूल घ्यायची की पूर्ण, हे कसं ठरवायचं

ऑपरेशन ठरलं की घरात चर्चा सुरू होते ती सर्जन कोण, स्क्रू टाकणार का, किती दिवस झोपून काढायचे याची, भुलीबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही, आणि मग आदल्या दिवशी भूलतज्ज्ञ येतात, फाइल चाळतात आणि विचारतात, "तुमचं अर्ध्या भुलीत पण होण्यासारखं आहे, पूर्ण भुलीत पण, तुमचं काय म्हणणं?" माझं असंच झालं होतं. एल-फोर एल-फाइव्हची (कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली) गादी सरकून डाव्या पायाची नस दबलेली, रात्र रात्र झोप नाही, आणि या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं हेच मला माहीत नव्हतं. मी अर्धी भूल घेतली. दोन वर्षांनी आईच्या कमरेचं दोन लेव्हलचं फ्यूजन झालं (म्हणजे मणके स्क्रू टाकून एकमेकांना जोडणं, दोन मणक्यांमधली एक जागा म्हणजे एक लेव्हल), ते पूर्ण भुलीत. दोन्ही वेळा निर्णय बरोबर होता असं मला आजही वाटतं, फक्त दोन्ही वेळा कारणं वेगळी होती. ती कारणं आपल्यापुरती कशी शोधायची ते इथे सांगते.

"कोणती भूल चांगली?" असं विचारलंत तर नीट उत्तर मिळत नाही, दोन्ही चांगल्याच असतात. त्यापेक्षा हे विचारा की ऑपरेशन किती वेळ चालणार, त्यात नेमकं काय काय करणार, आणि माझी तब्येत बघता तेवढा वेळ जागेपणी पालथं पडून राहणं मला जमेल का. या तीन गोष्टींची उत्तरं मिळाली की बहुतेक वेळा निर्णय आपोआप होतो.

अर्धी भूल म्हणजे स्पायनल. मोठ्या माणसात मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो, त्याच्या खाली पाण्यासारख्या द्रवात सुट्या नसांचा झुपका असतो, घोड्याच्या शेपटीसारखा. सुई या खालच्या भागात जाते, म्हणजे मज्जारज्जू जिथे संपलेला असतो त्याच्याही खाली, त्यामुळे "सुई मज्जारज्जूत घुसली तर?" ही भीती ज्यांना वाटते त्यांनी एवढं लक्षात ठेवा. औषध असतं जेमतेम २ ते ३ मिली, बहुतेक ठिकाणी ब्युपिव्हाकेन, आणि एकदा दिलं की साधारण दोन ते तीन तास ऑपरेशन करता येतं.

प्रत्यक्षात कसं वाटतं ते सांगते कारण मला हे आधी कुणी सांगितलं असतं तर रात्रभर जागी राहिले नसते. टेबलाच्या कडेला बसवतात, पाय स्टुलावर, छातीशी उशी धरायची, हनुवटी खाली आणि पाठ मागे काढायची, जितकी गोल कराल तितक्या मणक्यांमधल्या फटी उघडतात. पाठीवर गार औषध फिरवतात (ते इतकं गार असतं की अंग शहारतं, तेव्हा हलू नका, आधी सांगा). मग कातडी बधिर करायला एक छोटं इंजेक्शन, ते चावल्यासारखं टोचतं, आणि त्यानंतरची मोठी सुई टोचत नाही, नुसती दाबल्यासारखी वाटते. औषध आत गेलं की आधी तळपाय गरम होतात, ऊन पाण्यात पाय सोडल्यासारखे, मग पाय जड होतात, आणि मग तुम्ही अंगठा हलवायला जाता आणि अंगठा हलत नाही. त्या क्षणी घाबरायला होतं, मलाही झालं, पण तेच व्हायला हवं असतं. मग गार बोळा किंवा बर्फ पोटाला, मांडीला लावून "गार लागतंय का?" विचारतात, भूल कुठपर्यंत चढली ते त्यावरून कळतं. स्पर्श कळत राहतो, दुखणं आणि गारपणा कळत नाही, म्हणून "मला हात लावलेला कळतोय, भूल लागलीच नाही" असं म्हणून गडबडून जाऊ नका, पण टोचलेलं कळत असेल तर मात्र ठामपणे सांगा.

यानंतर काही मिनिटं उताणं ठेवतात आणि मग पालथं करतात. थांबण्याचं कारण असं की या औषधाचा एक प्रकार साखर मिसळून जड केलेला असतो, तो मणक्यातल्या द्रवात खालच्या बाजूला सरकतो, तो एका जागी बसल्याशिवाय पालथं केलं तर भूल नको तिकडे जाऊ शकते. न मिसळलेला प्रकारही असतो, पालथ्या ऑपरेशनला काही भूलतज्ज्ञ तो पसंत करतात. कुठला वापरायचा हे त्यांनाच ठरवू द्या.

पूर्ण भुलीत सगळं वेगळ्या पद्धतीनं होतं. सलाइनमधून औषध देतात, बहुतेक प्रोपोफॉल, हाताला जरा चुरचुरतं आणि दहा-वीस सेकंदात तुम्ही झोपता. मग स्नायू सैल करायचं औषध, घशातून श्वासनलिकेत नळी, श्वास मशीनवर, आणि हे सगळं उताणं असतानाच उरकून मग टीम तुम्हाला पालथं करते. झोप टिकवायला श्वासातून वायू किंवा सलाइनमधून सतत औषध चालू असतं. ऑपरेशन दोन तास चालो की सहा तास, भूल लागेल तेवढी वाढवता येते, आणि माझ्या मते पूर्ण भुलीचा सगळ्यात मोठा फायदा हाच आहे.

आता ऑपरेशनच्या प्रकारावरून बघू. एका लेव्हलची गादी काढायची आहे, म्हणजे मायक्रोडिसेक्टॉमी, किंवा एक-दोन लेव्हलची नस मोकळी करायची आहे, तास-दोन तासांचं काम, तर दोन्ही भुली चालतात आणि तुम्हाला खरी निवड आहे. एका लेव्हलचं फ्यूजन सुद्धा सराव असलेल्या टीम अर्ध्या भुलीत करतात. पण तीन-चार लेव्हल, वाकलेला कणा सरळ करणं, गाठ काढणं, आधी ऑपरेशन झालेल्या जागी पुन्हा ऑपरेशन, अशा वेळी पूर्ण भूलच. एक कारण वेळ, आणि दुसरं कारण फारसं कुणी सांगत नाही ते म्हणजे नसांचं मॉनिटरिंग. काही ऑपरेशनमध्ये पायांच्या स्नायूंना, डोक्याच्या कातडीला तारा लावून नसांमधून संदेश नीट जातायत ना ते सतत बघत असतात, आणि स्पायनलमध्ये त्याच नसा बधिर केलेल्या असल्यामुळे ते बघताच येत नाही. तेव्हा सर्जनला सरळ विचारा, "माझ्या ऑपरेशनला मॉनिटरिंग लावणार का?" हो म्हणाले तर स्पायनलचा विषय तिथेच संपला. आईच्या बाबतीत हेच झालं, तिला अर्धी भूल हवी होती, पण चार तासांचं काम आणि वर मॉनिटरिंग, मग आम्ही आग्रह धरला नाही.

(दुर्बिणीतून बाजूने गादी काढायचा एक प्रकार आहे, त्यात नुसती जागा बधिर करून थोडी गुंगी देतात, कारण नसेला धक्का लागला तर पेशंटने लगेच सांगावं असं सर्जनला हवं असतं. तुमचं तसं असेल तर हा लेख अर्धाच लागू पडेल.)

तब्येतीचा भाग सगळ्यात महत्त्वाचा आणि इथेच लोक माहिती लपवतात किंवा विसरतात. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील तर स्पायनलमध्ये सुईच्या जागी आत रक्त साठून नसा दाबल्या जायचा धोका असतो, क्वचित होतं, पण झालं तर फार गंभीर. क्लोपिडोग्रेल साधारण ५ ते ७ दिवस आधी थांबवतात, वॉरफरिन ५ दिवस आधी आणि मग आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारी रक्ताची तपासणी) तपासून बघतात, कमी डोसच्या अ‍ॅस्पिरिनला स्पायनल सहसा अडत नाही पण सर्जनला ती नको असू शकते. यातली एकही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका, हृदयात स्टेंट असेल तर अजिबातच नाही, ज्यांनी सुरू केली त्यांना आणि भूलतज्ज्ञांना एकत्र ठरवू द्या. हृदयाची झडप फार अरुंद झाली असेल, सुईच्या जागी त्वचेचं इन्फेक्शन असेल, प्लेटलेट्स फार कमी असतील, तर सहसा स्पायनल टाळतात. उलट दमा किंवा फुप्फुसाचा जुना आजार असेल तर घशात नळी नको म्हणून स्पायनलकडे कल असतो, पण सतत खोकला येत असेल तर पालथं पडून जागेपणी ऑपरेशन कठीण, प्रत्येक उबळीला पाठ हलते. वजन खूप जास्त असेल आणि झोपेत श्वास अडकत असेल, जोरात घोरण्याची सवय असेल, तर हे नक्की सांगा. पालथ्या माणसाचा श्वास अडला तर तिथे नळी घालणं अवघड असतं, अशा लोकांना आधीच नळी घालून पूर्ण भूल देणं जास्त सुरक्षित ठरू शकतं, आणि स्पायनल दिली तरी गुंगीचं औषध अगदी कमी देतात.

स्पायनलमध्ये पाय बधिर झाले की पायातल्या रक्तवाहिन्या सैल होतात आणि बीपी पडतं, मळमळतं, डोकं हलकं होतं. हे टेबलावरच होतं, समोर मॉनिटर असतो, सलाइन आणि औषधाने लगेच सावरतात, फक्त तुम्ही गप्प बसू नका. "मला कसंतरी होतंय" एवढं म्हटलं तरी पुरतं.

अर्ध्या भुलीचा एक फायदा मला स्वतःला फार मोलाचा वाटला. मला मानेचा थोडा त्रास आहे. पालथं करताना मी जागी होते म्हणून मीच सांगितलं, उशी जरा वर घ्या, उजवा हात एवढा ताणू नका, आणि त्यांनी ऐकलं. पूर्ण भुलीत हे सगळं टीमला अंदाजाने करावं लागतं, ते डोळ्यांवर, कोपरांवर, गुडघ्यांवर दाब येऊ नये म्हणून खूप काळजी घेतात, पण मान किंवा खांदा आधीच दुखत असेल तर आदल्या दिवशी त्यांना नेमकं कुठे आणि किती वळवल्यावर दुखतं ते दाखवून ठेवा. आईचा डावा खांदा वर जात नव्हता, तिने ते भूलतज्ज्ञांसमोर हात उचलून दाखवलं आणि त्यांनी तिथल्या तिथे कागदावर लिहून घेतलं.

स्पायनल घ्यायची का नाही हे ठरवायला घरी एक साधी गोष्ट करून बघा. पोटाखाली उशी घेऊन, तोंड एका बाजूला करून, हात डोक्याच्या बाजूला ठेवून अर्धा तास न हलता पडून राहा (दुखलं तर लगेच थांबा, सहन करत बसायचं नाही). कंबर स्पायनलमध्ये दुखणार नाहीच, प्रश्न मानेचा, खांद्यांचा, श्वासाचा आणि मनाचा असतो. दहा मिनिटांत जीव घुसमटला तर ते भूलतज्ज्ञांना सांगा. थोडी गुंगी देता येते, कानाला हेडफोन लावून गाणी ऐकत पडता येतं, पण ज्याला मुळातच "मला काही ऐकायचं नाही, काही कळायला नको" असं वाटतं त्याने ओढूनताणून स्पायनल घेऊ नये. भीती हे पूर्ण भूल मागायचं अगदी योग्य कारण आहे.

नंतरचं काय? मणक्याच्या छोट्या ऑपरेशनवर दोन्ही भुलींची तुलना बरीच झालेली आहे, त्यातून साधारण असं दिसतं की स्पायनलनंतर पहिले काही तास दुखणं कमी आणि मळमळ-उलट्याही कमी. एक-दोन दिवसांनी मात्र फरक फारसा राहत नाही. म्हातारी माणसं पूर्ण भुलीने भ्रमिष्टासारखी होतात असं सर्रास म्हणतात, म्हणून हेही सांगते, २०२१ मध्ये अमेरिका आणि कॅनडातला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, खुब्याचं हाड मोडलेल्या १६०० पेशंटचा, सगळे पन्नाशीच्या पुढचे, निम्म्यांना स्पायनल आणि निम्म्यांना पूर्ण भूल, आणि दोन महिन्यांनी चालणं, ऑपरेशननंतरचा गोंधळलेपणा, दोन्हीकडे जवळपास सारखंच निघालं. ते ऑपरेशन वेगळं आहे हे खरं, पण नुसत्या वयाकडे बघून पूर्ण भुलीला घाबरायचं कारण नाही एवढं त्यातून नक्की कळतं. चष्मा, कानाचं मशीन शुद्धीवर आल्या आल्या परत द्या, घरचं माणूस जवळ असू द्या, म्हाताऱ्या माणसाला त्याने खूप फरक पडतो.

बाकीच्या भीतींबद्दल. "मध्येच शुद्ध आली तर?" ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये यावर मोठी पाहणी झाली, २०१४ मध्ये आली, साधारण १९,००० पूर्ण भुलींमागे एकाने असा अनुभव सांगितला होता. "स्पायनलने पाय कायमचे गेले तर?" ब्रिटनमधलीच २००९ ची पाहणी सांगते की पाठीतून दिलेल्या भुलींनंतर कायमचं नुकसान लाखात दोन ते चार जणांना झालं. "स्पायनलने जन्मभर कंबर दुखते" हे तर प्रत्येकाने ऐकलेलं असतं. सुईच्या जागी दोन-चार दिवस ठणकतं, नंतर नाही, आणि तुमची कंबर तर आधीपासूनच दुखतेय, ऑपरेशननंतर उरलेलं दुखणं सुईच्या नावावर टाकू नका.

डोकेदुखीची भीती मात्र खरी आहे. सुईच्या भोकातून मणक्यातलं पाणी झिरपत राहिलं की उठून बसल्यावर डोकं फुटायला लागतं आणि आडवं झालं की थांबतं. १८९८ मध्ये जर्मनीत ऑगस्ट बिअर या सर्जनने ही भूल पहिल्यांदा वापरली, स्वतःवरही करून बघितली आणि नंतर कित्येक दिवस तो याच डोकेदुखीने आडवा पडला. तेव्हाच्या सुया जाड होत्या, आताच्या केसासारख्या बारीक आणि पेन्सिलच्या टोकासारख्या असतात, त्यामुळे आता हे शंभरात एखाद्यालाच होतं. झालं तर भरपूर पाणी, कॉफी, वेदनाशामक, आणि तरीही थांबलं नाही तर तुमचंच थोडं रक्त त्या जागी बाहेरून सोडून भोक बुजवतात, बऱ्याच जणांना त्याने लगेच आराम पडतो.

पूर्ण भुलीनंतर घसा खवखवणं अगदी नेहमीचं, एक-दोन दिवस. उलट्यांचं औषध आधी दिलं नाही तर शंभरातल्या साधारण तिसांना उलटी-मळमळ होते. तुम्हाला प्रवासात गाडी लागत असेल, आधीच्या ऑपरेशननंतर उलट्या झाल्या असतील, तुम्ही बाई असाल आणि सिगरेट ओढत नसाल, तर तुमची शक्यता जास्त. "मला गाडी लागते" हे वाक्य भूलतज्ज्ञांना फार उपयोगी पडतं, ते आधीच एकाऐवजी दोन औषधं देऊन ठेवतात. आणि घरातल्या रक्ताच्या नात्यात कुणाला भुलीत अचानक खूप ताप चढला असेल, स्नायू ताठरले असतील, भुलीत कुणी गेलं असेल, तर ते कितीही जुनं असो, सांगाच. एक आनुवंशिक त्रास असतो ज्यात काही ठराविक औषधं चालत नाहीत, आधी कळलं तर ती टाळून भूल देता येते.

आता तयारी. गोळ्यांची यादी तोंडी सांगू नका, पाकिटंच घेऊन जा. बीपीच्या काही गोळ्या, टेल्मिसार्टन, लोसार्टनसारख्या, त्या दिवशी सकाळी बऱ्याचदा थांबवतात, आणि काही, हृदयाचे ठोके आवरणाऱ्या, मुद्दाम चालू ठेवतात. शुगरच्या डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या साधारण तीन दिवस आधी थांबवतात, म्हणजे आदल्या दिवशी सांगून उपयोग नाही, भूलतज्ज्ञांची भेट आठवडाभर आधीच मागून घ्या. वजन किंवा शुगरसाठी सेमाग्लुटाइडचं इंजेक्शन घेत असाल तर तेही सांगा, त्याने पोट उशिरा रिकामं होतं. हलणारा दात दाखवा. कवळी पूर्ण भुलीला काढावीच लागते, स्पायनलमध्ये कानाचं मशीन मात्र ठेवू देतात, विचारून घ्या.

उपाशी राहायचे नियम दोन्ही भुलींना सारखेच, कारण स्पायनल कमी पडली तर पूर्ण भूल द्यावी लागते. हलकं खाणं ६ तास आधीपर्यंत, तेलकट-जड खाणं ८ तास, दूध हे पाणी नाही तर खाणं धरायचं, आणि साधं पाणी बहुतेकांना २ तास आधीपर्यंत चालतं. तुमच्या टीमने वेगळं सांगितलं असेल तर त्यांचं ऐका. खाल्लं असेल तर खरं सांगा, ऑपरेशन पुढे गेलं तरी चालेल, भरल्या पोटी पोटातलं फुप्फुसात गेलं तर ते निस्तरणं फार कठीण असतं.

भेटीत एवढं तरी विचारा: स्पायनल दिली आणि काम लांबलं तर काय करणार? पालथं असताना भूल उतरायला लागली तर? मला किती गुंगी देणार? ऑपरेशननंतर पहिल्या रात्री दुखणं कसं आवरणार? पहिल्या प्रश्नाचं उत्तर गुळमुळीत मिळालं तर मी पूर्ण भूल घेईन. मला माझ्या भूलतज्ज्ञांनी सांगितलं होतं की दीड तासाला अजून नस मोकळी झालेली नसेल तर सर्जन मला आधी कळवतील, मग आपण ठरवू, आणि त्या एका वाक्याने माझा धीर वाढला.

ऑपरेशन झाल्यावरचा एक फरक घरच्यांना माहीत असायला हवा. पूर्ण भुलीतून जागं करताच सर्जन "पायाचा पंजा वर करा, अंगठा हलवा" म्हणतात आणि नसा ठीक आहेत हे तिथेच कळतं. स्पायनलनंतर मात्र भूल उतरेपर्यंत दोन ते चार तास थांबावं लागतं, तोपर्यंत पाय हलत नाहीत म्हणून घाबरू नका. लघवीही तुंबू शकते, पोट जड वाटलं तर नर्सला सांगा, लाजू नका. आणि भूल उतरायला लागली, मुंग्या यायला लागल्या की तेव्हाच वेदनाशामक मागा, कळ पूर्ण चढल्यावर आवरायला वेळ लागतो. पहिल्यांदा उठताना कुणाचा तरी आधार घ्याच, पाय आले असं वाटतं तेव्हाही गुडघे फसवतात.

एक लक्षण मात्र कुठल्याही भुलीनंतर रात्री दोन वाजता असलं तरी सांगायचं. पाय एकदा नीट हलायला लागले आणि नंतर पुन्हा जड-बधिर व्हायला लागले, किंवा पाठीत अचानक भयंकर कळ सुरू झाली, किंवा बसायची जागा, जांघा बधिर वाटू लागल्या, लघवी-संडासचं कळेनासं झालं, तर "भुलीचाच असर असेल" म्हणून सकाळची वाट बघायची नाही. आत रक्त साठून नसा दबत असू शकतात आणि तिथे हातात काही तासच असतात. घरी गेल्यावर जखमेतून पाणी झिरपलं, ताप आला, मान आखडली किंवा उठल्यावर डोकं ठणकायला लागलं तर त्याच दिवशी फोन करा.